पावती नसलेला दंड

श्रोतेहो, आपली मराठी किती श्रीमंत आहे हे पाहायचं असेल, तर लाच या एका शब्दाला तिच्यात किती भाऊबंद आहेत ते मोजून पाहावं. चिरीमिरी, चहापाणी, हप्ता, वरकमाई, तोडपाणी, वजन ठेवणं, हात ओले करणं. प्रत्येकाची जागा वेगळी. चिरीमिरी दारावरच्या शिपायाला, वजन फायलीवर, हप्ता ठरलेल्या तारखेला आणि तोडपाणी भर रस्त्यात, उभ्या उभ्या. एखाद्या गोष्टीला इतके शब्द मिळतात ते ती गोष्ट आपल्या रोजच्या राहणीत मुरलेली असते म्हणून. मी कविता लिहितो. शब्दांची श्रीमंती पाहून मला आनंद व्हायला हवा. या श्रीमंतीचा मात्र होत नाही.

दुसरा एक शब्द घेऊ. हवालदार. हा फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि पुरता मराठी झाला. हवाला म्हणजे सोपवणं. ज्याच्या हवाली काही केलं आहे तो हवालदार. गडाचा हवालदार म्हणजे ज्याच्या हवाली गड केला आहे तो. आजच्या हवालदाराच्या हवाली आपण रस्ता केला आहे, रात्र केली आहे आणि त्या रस्त्यावरून जाणारा प्रवासी केला आहे. आज मला बोलायचं आहे ते याच प्रवाशाबद्दल. परक्या देशातून आलेल्या पाहुण्याला पोलीसच अडवतो, घाबरवतो आणि पैसे काढून घेतो, तेव्हा नेमकं काय लुटलं जातं, याबद्दल.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. ज्या थायलंडला आपल्या पुण्या-नाशिकहून सहलीच्या सहली जातात, तिथलीच गोष्ट पाहा. २०२३ च्या जानेवारीत तैवानची अभिनेत्री शार्लीन आन नव्या वर्षाच्या सुट्टीसाठी बँकॉकमध्ये होती. मध्यरात्रीनंतर मित्रमंडळींबरोबर टॅक्सीतून परतताना पोलिसांच्या नाक्यावर तिला अडवण्यात आलं. झडती झाली. ई-सिगारेटचा विषय निघाला, व्हिसाच्या कागदांबद्दल शंका काढल्या गेल्या. सत्तावीस हजार बाट, म्हणजे आपले साधारण पासष्ट हजार रुपये दिल्यावर सुटका झाली, असं तिने घरी परतल्यावर जाहीर केलं. पोलिसांनी सुरुवातीला इन्कार केला. चौकशी पुढे सरकली तसं चित्र बदललं आणि त्या ठाण्यातल्या पोलिसांवर कारवाई करावी लागली. ज्या देशात पर्यटकांसाठी वेगळं पोलीस दल आहे, ११५५ हा वेगळा दूरध्वनी क्रमांक आहे आणि २०१९ या एका वर्षात जिथे सुमारे चार कोटी परदेशी पाहुणे आले, त्या देशातली ही गोष्ट.

इंडोनेशियातल्या बालीची गोष्ट तर विनोदी वाटावी अशी. २०१३ मध्ये एका डच पत्रकाराने छुप्या कॅमेऱ्याने तिचं चित्रण केलं. हेल्मेट नाही म्हणून पोलिसाने त्याला थांबवलं. कोर्टात गेलास तर दंड फार मोठा होईल, इथेच दोन लाख रुपिया दे, असं सांगितलं. रुपियाचे आकडे ऐकून घाबरू नका, ही रक्कम हजार-बाराशे रुपयांच्या आसपासची. पैसे घेतल्यावर त्याच पैशांतून बिअर मागवली गेली आणि पोलीस व पर्यटक दोघे गप्पा मारत ती प्याले. जगभर लोक हे पाहून हसले. बालीतले लोक हसले असतील का, याचा मात्र मी विचार करत राहिलो.

आता घरी येऊ. २०२३ च्या जुलैमध्ये दिल्लीतली एक चित्रफीत सगळ्यांनी पाहिली. वाहतूक पोलीस एका कोरियन चालकाला पाच हजार रुपये मागतो. तो बिचारा आधी पाचशे काढतो. पाचशे नाही, पाच हजार, असं त्याला समजावलं जातं. तो मुकाट्याने देतो. वर दोघे हस्तांदोलनही करतात. पावती नाही. चित्रफीत पसरली आणि तो पोलीस निलंबित झाला. मी पावती देणारच होतो, तेवढ्यात गाडी निघून गेली, असा खुलासा त्याने केल्याचं वर्तमानपत्रांत आलं होतं.

त्यानंतर २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीशेजारच्या गुरुग्राममध्ये एका जपानी पर्यटकाला अडवलं गेलं. त्याच्या मागे बसलेल्या मैत्रिणीने हेल्मेट घातलं नव्हतं. एक हजार रुपये घेतले, पावती दिली नाही. त्या पर्यटकाच्या चष्म्यातच कॅमेरा होता. तिघे निलंबित झाले.

श्रोतेहो, या गुरुग्रामच्या प्रसंगात एक गोष्ट लक्ष देण्यासारखी आहे. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानंतर हेल्मेट नसल्याबद्दलचा दंड एक हजार रुपयेच आहे. म्हणजे चूक खरी होती आणि रक्कमही कायद्यातलीच होती. फक्त पावती नव्हती. तेच हजार रुपये पावतीसह घेतले तर तो शासनाचा दंड. पावतीशिवाय घेतले तर ती वसुली. कायदा आणि लूट यांच्यात कधी कधी एवढंच अंतर असतं, एका कागदाच्या चिठोऱ्याचं. आपण त्या चिठोऱ्याची किंमत फार कमी समजतो.

परदेशी माणूसच यात का सापडतो? त्याच्याकडे पैसा असतो हे सोपं उत्तर झालं. खरं उत्तर असं की त्याच्याकडे वेळ नसतो. परवा त्याचं विमान असतं. त्याला भाषा येत नाही, कायदा ठाऊक नसतो, ओळखीचा नगरसेवक नसतो, फोन लावायला मामा नसतो. पासपोर्ट पोलिसाच्या हातात गेला की त्याचा जीव त्या छोट्याशा पुस्तकात अडकतो.

आणखी एक कारण आहे, ते आम्हा अजिंठा-वेरूळच्या परिसरातल्या लोकांच्या लवकर लक्षात येतं. लेणी पाहायला भारतीय माणसाला चाळीस रुपये तिकीट आहे आणि बहुतेक परदेशी पाहुण्यांना सहाशे. हा दर सरकारी आहे, फलकावर लिहिलेला आहे, त्याची पावती मिळते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या पाहुण्याच्या बाजूने विचार करा. या देशात माझा दर वेगळा आहे, हे तो पहिल्याच दिवशी शिकतो. मग कोपऱ्यावरच्या नाक्यावर खाकीतल्या माणसाने दोन हजार मागितले, तर तो सरकारी दर की खासगी, हे त्याने कसं ओळखावं?

आणि ओळखलं तरी तक्रार कुठे करायची? २०१८ साली लाचलुचपत प्रतिबंधक कायदा बदलला. लाच देणाराही आता गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सूट आहे, पण त्यासाठी सात दिवसांच्या आत तक्रार नोंदवावी लागते. सात दिवसांत आमच्याकडे आलेला पाहुणा अजिंठा, आग्रा, जयपूर करून आपल्या देशात पोहोचलेला असतो. घरी गेल्यावर तो तक्रार करतोच, पण ती मित्रांकडे, शेजाऱ्यांकडे, जेवणाच्या टेबलावर. त्या तक्रारीचा तपास कोणताही अधिकारी करत नाही आणि तिचा निकाल मात्र कायमचा लागलेला असतो.

आता तुम्ही म्हणाल, पाहुण्याचे दोन-चार हजार गेले, वाईट झालं, पण आपलं काय गेलं? आपलं काय गेलं ते मला आमच्या मोहल्ल्यातल्या एका रिक्षावाल्याने सांगितलं. तरुण मुलगा आहे, मला चाचा म्हणतो. हॉटेलांबाहेर उभा राहून परदेशी गिऱ्हाईक मिळवतो आणि दिवसभराच्या बोलीवर त्यांना फिरवून आणतो. काही वर्षांपूर्वी एक फ्रेंच जोडपं त्याच्या रिक्षात होतं. वाटेत अडवलं. पासपोर्ट दाखवा. पासपोर्ट हॉटेलात, जवळ त्याची झेरॉक्स. झेरॉक्स चालत नाही, असं सांगण्यात आलं. त्या दोघांना काही कळेना, तेव्हा पोलिसाने या मुलालाच पुढे केलं. "ए, यांना सांग, ठाण्यात यावं लागेल, संध्याकाळ होईल." या मुलाला इंग्रजीचे फार तर दोनशे शब्द येतात. किती झाले, टिकीट घ्या, इथे चप्पल काढा, एवढ्यासाठी शिकलेले. त्याच शब्दांनी त्याला ती धमकी भाषांतर करून सांगावी लागली. रक्कमही त्यालाच सांगावी लागली. दोन हजार.

पैसे दिले गेले, रिक्षा निघाली. बराच वेळ मागे कोणी बोललं नाही. मग त्या बाईंनी शांतपणे विचारलं, यातले तुझे किती?

तो मला म्हणाला, "चाचा, मला फक्त ‘नो मॅडम, नो मॅडम’ एवढंच बोलता आलं. त्या हसल्या. मला वाटलं, त्या रडल्या असत्या तर बरं झालं असतं."

ठरलेले पैसे त्यांनी दिले. दुसऱ्या दिवशी दौलताबादला जायचं ठरलं होतं, त्यासाठी मात्र त्या दोघांनी दुसरी गाडी केली. मुलाचं एका दिवसाचं भाडं बुडालं. पण त्याला बोचलं ते भाडं नव्हे. आपल्या रिक्षात बसलेल्या पाहुण्यांच्या डोळ्यांत तो चोरांचा साथीदार ठरला आणि आपण तसे नाही हे सांगायला त्याच्याकडे भाषा नव्हती. पोलिसाने दोन हजार पाहुण्यांचे घेतले आणि इज्जत या मुलाची घेतली. याची भरपाई कोणत्या कलमाखाली मागायची?

तो मुलगा आता काय करतो, सांगू? परदेशी गिऱ्हाईक रिक्षात बसलं की तो नाका टाळून लांबच्या रस्त्याने जातो. काही चुकीचं केलेलं नसताना. उद्या त्याच रस्त्यावर त्याला एखादी खरोखरची संशयास्पद गोष्ट दिसली, तर तो थांबून त्या नाक्यावर सांगायला जाईल का? मला तरी तसं वाटत नाही. विश्वास गेला म्हणजे काय झालं, याचं उत्तर मला इथे दिसतं. मोर्चा निघत नाही, घोषणा होत नाहीत. माणसं फक्त लांबचा रस्ता धरतात.

निलंबनाच्या बातम्यांचाही एक परिणाम होतो, तो सहसा बोलला जात नाही. चित्रफीत पसरते, चोवीस-अठ्ठेचाळीस तासांत निलंबन होतं, वरिष्ठ सांगतात की असे प्रकार खपवून घेतले जाणार नाहीत. चांगलं आहे. पण ही बातमी वाचणारा भाजीवाला, ट्रकवाला, टपरीवाला काय म्हणतो? तो म्हणतो, साहेब, हे तर आमच्याकडून रोज घेतात. आमच्यासाठी कोणी निलंबित झालं नाही, कारण आमच्या चष्म्यात कॅमेरा नाही आणि आमचा पासपोर्ट जपानचा नाही. म्हणजे कारवाई होऊनही विश्वास वाढत नाही, उलट नवी शंका वाढते, की न्याय हा फक्त जगाने पाहिला तरच मिळतो. त्यातही निलंबन ही शिक्षा नव्हे. चौकशी होईपर्यंतची ती व्यवस्था असते आणि त्या काळात निर्वाह भत्ता मिळतो. चौकशीचं पुढे काय झालं, हे आपण वाचलेलं आठवतं का? पहिली बातमी पहिल्या पानावर असते. शेवटची बातमी बहुतेक वेळा येतच नाही.

मी स्वतः एकदा मोबाइल चोरीला गेला म्हणून एका ठाण्यात गेलो होतो. बसमध्ये चढताना खिशातून काढला गेला होता, मला हात जाणवला होता. तिथे लिहून घेतलं गेलं ते ‘गहाळ’. मी म्हणालो, गहाळ नाही, चोरी. समोरचे गृहस्थ समजुतीच्या स्वरात म्हणाले, "अहो गुरुजी, एका शब्दाने काय फरक पडतो?" शब्दांवर आयुष्य घालवलेल्या माणसाला हे ऐकायला मिळावं! पण फरक पडतो. चोरी म्हटलं की गुन्हा, तपास, जबाबदारी. गहाळ म्हटलं की माझा वेंधळेपणा. बालीत काय, गुरुग्राममध्ये काय आणि माझ्या त्या अर्जात काय, कागदावर खरं उतरू न देणं हाच सगळ्याचा गाभा आहे.

याउलट विश्वास कमावला तर काय घडतं, याचं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. भिवंडीने १९७० आणि १९८४ मध्ये भीषण दंगली पाहिल्या. १९८८ च्या सुमारास तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. त्यांचं सूत्र साधं होतं. दंगल झाल्यावर शांतता समिती बोलावण्याऐवजी, रोजच्या बारीकसारीक गोष्टींत पोलीस आणि लोक एकत्र बसले पाहिजेत. गटारीवरून, भाड्यावरून, भोंग्यावरून होणारी भांडणं दोन्ही समाजांच्या माणसांसमोर मिटवायची. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत होती, तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. ते एका रात्रीत घडलं नव्हतं. आधीची काही वर्षं थेंबथेंब साठवलेला भरवसा त्या दिवशी कामाला आला. पोलिसाची खरी ताकद काठीत नसते. वेळ आली की लोक त्याला खरं सांगतात, यात ती असते. दोन हजारांसाठी ही ताकद विकणारा माणूस आपल्याच खात्याचं दिवाळं काढत असतो.

पोलिसांची बाजूही सांगायला हवी. बंदोबस्तात बारा-बारा, चौदा-चौदा तास उभा असलेला शिपाई मी ईदलाही पाहतो आणि गणपतीलाही. त्याच्या स्वतःच्या घरी सण झालेला नसतो. लेण्यांच्या वाटेवर उन्हाने चक्कर आलेल्या एका वृद्ध परदेशी बाईला स्वतःच्या बाटलीतलं पाणी पाजून, सावलीत बसवून, तिचा गट सापडेपर्यंत तासभर थांबलेला एक पोलीस मी पाहिला आहे. त्याची चित्रफीत कोणी काढली नाही. अशी माणसं खात्यात पुष्कळ आहेत आणि वसुलीच्या एका प्रसंगाने सर्वांत जास्त नुकसान त्यांचंच होतं. प्रामाणिक पोलिसाने पावती पुढे केली तरी लोक हसून म्हणतात, बघू या, कमी काही होतंय का.

मुसाफिराचा मान हा आपल्याला शिकवावा लागणारा विषय नाही. आमच्याकडे जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत वाटेत अडकलेला मुसाफिर एक आहे. घरी तो कितीही धनवान असो, वाटेवर तो गरजूच. पंढरीच्या वाटेवरची गावं वारकऱ्याला जात-गाव न विचारता पाणी देतात, भाकरी देतात. सरकारनेही २००५ मध्ये ‘अतिथी देवो भव’ या नावाने मोहीम काढली होती. मुघल अमलात तर रस्त्यावर प्रवासी लुटला गेला तर त्याची जबाबदारी फौजदारावर येत असे, आणि चोर सापडला नाही तर भरपाईही त्याच्याकडून मागितली जाई. म्हणजे शिकवण आहे, परंपरा आहे, घोषणाही आहे. उणीव आहे ती एका सवयीची. पावती मागण्याच्या सवयीची.

ही सवय फक्त पाहुण्याने लावून घ्यायची नाही, आपण लावून घ्यायची आहे. दंड रोख असेल तर पावती, यंत्रावर असेल तर ई-चलन, हे आपण स्वतःच्या बाबतीत आधी पाळलं पाहिजे. पन्नास-शंभरात मिटवून पुढे जाण्यात आपलाही फायदा असतो, हे मान्य करू या. तो फायदा आपण सोडला, तर नाक्यावरचा रिवाज बदलेल. २००६ मध्ये प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरणं स्थापन करायला सांगितलं. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात तशी तरतूद केली. आपल्यापैकी किती जणांना तिची माहिती आहे? लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ आणि पर्यटकांसाठीचा १३६३ हे क्रमांक हॉटेलच्या काउंटरवर, लेण्यांच्या तिकीटखिडकीवर, रिक्षाच्या पाठीवर ठळक लिहिता येतील. त्याला फार तर थोडा रंग लागेल. सात दिवसांच्या अटीतून परदेशी प्रवाशाला वाट कशी काढून देता येईल, याचा विचार कायदा करणाऱ्यांनी करावा. आणि निलंबनाइतक्याच ठळकपणे चौकशीचा निकालही जाहीर व्हावा, म्हणजे निर्दोष असेल त्याचीही बदनामी थांबेल.

आणि आपण वाटसरूंनी? रस्त्यात एखादा परदेशी पाहुणा पोलिसासमोर गोंधळून उभा दिसला, तर लांबचा रस्ता धरू नये. दोन मिनिटं जवळ जाऊन उभं राहावं. भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, मोबाइलही लगेच बाहेर काढायचा नाही. नमस्कार करून, आपल्या साध्या मराठीत एवढंच विचारायचं, "साहेब, काही मदत करू का? पावती यांच्या भाषेत समजावून सांगू का?" पोलीस प्रामाणिक असेल तर त्याला दुभाषा मिळेल. नसेल तर त्याला साक्षीदार मिळेल.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)